आधी मी

नवनगरच्या शिबिरात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होती. दारापर्यंत आलेल्या रुक्मिणीबाई तिथूनच मागे वळल्या. त्यांची बहीण याच आजाराने गेली होती. सून उत्तराने त्यांचा हात धरला. "आई, नुसतं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, आपल्या व्हिनेगरसारखं. जागा पांढरी पडली तरच काळजी. थांबा, आधी मी करून घेते."

ती हसत बाहेर आली, तेव्हा कुठे सासूबाई आत गेल्या. उत्तरा पडद्याकडे टक लावून बसली.

नर्स बाहेर आली, तिच्याशेजारी टेकली आणि हळू आवाजात म्हणाली,

"अक्का, त्यांचं सगळं ठीक आहे. त्या घाबरतील म्हणून मघाशी बोलले नाही. पांढरा डाग तुमच्या तपासणीत दिसलाय."