शरयूचे सोमवार

शरयूचा डावा डोळा अधू. मिरजेच्या डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली, म्हणाले, “अधू डोळ्याला कामाला लावा.” हळदीकुंकवाला मुली ‘चकणी’ म्हणून चिडवत, म्हणून ती घरीच राही, आलवणातल्या विधवा आत्याजवळ. आत्याला तर कुणी बोलावतच नसे.

“आत्या, सुई पळते गं! दोरा जातच नाही.”

“पळू दे. आपल्याला कुठं जायची घाई आहे?”

त्या डोळ्यासाठी आत्यानं कडक सोमवार धरले होते.

चैत्रात पट्टी सुटली. दोन्ही डोळे मिळून पाहू लागले आणि दोरा पहिल्याच खेपेला गेला. संध्याकाळी नवं परकर-पोलकं घालून शरयू आईबरोबर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पळाली.

रिकाम्या घरात आत्यानं देवापुढं निरांजन लावलं, हात जोडले.

“महादेवा,” ती हळूच म्हणाली, “फारच लवकर ऐकलंस रे माझं.”