तुमचं काय ठरलंय?

लढाई संपली त्या वर्षी, तत्त्वज्ञानात बी.ए. होऊन मी कडेगावला अंजनाला पाहायला गेलो. मुलगी बघताक्षणी आवडली. तिचे वडील, पेन्शनीतले हवालदार कृष्णातराव, यांनी सहज विचारलं, "पाव्हणं, तत्त्वज्ञानात काय वो शिकवत्यात?"

आत अंजनाला ऐकू जाईल अशा आवाजात मी जगण्याला अर्थ आहे का, ते सांगू लागलो. बुद्धाच्या मते सगळं दुःख, वेदान्त्यांच्या मते माया, चार्वाकाच्या मते खा-प्या. चहा दोनदा निवला.

हवालदार म्हणाले, "त्यांचं ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तुमचं काय ठरलंय?"

"घाई करण्यासारखा विषय नाही हा," मी म्हणालो. "विचार चालू आहे."


मार्गशीर्षात अंजनाचं वडूजच्या, पलटणीतल्या एका नाईकाशी लग्न ठरलं. माझं मात्र अजून दोन्ही ठरायचंय.