दुहेरी टीप

वाहतूक पोलीस दारात बूट काढून आत आला आणि टोपी मांडीवर घेऊन खुर्चीच्या अगदी टोकावर बसला. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर चादर टाकलेली होती. त्या मशीनवर एरवी दिवसभर बसणारी बाई आज जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. नवरा जाऊन नऊ दिवस झाले होते.

“ताई, मला राहवेना म्हणून आलो,” तो म्हणाला. “त्या दिवशी सिग्नलला मीच उभा होतो. तुमच्या मिस्टरांची गाडी माझ्यासमोरच थांबली. सीटचा पट्टा लावलेला होता, मी स्वतः पाहिलं. जा म्हणून हात केला, तर त्यांनीही हसून हात केला. आणि पुढच्याच वळणावर तो ट्रक.”

खिडकीशी उभा असलेला धाकटा दीर ताडकन वळला. “ऐकलंत ना वहिनी? पट्टा लावलेला, मग दादा काच फोडून बाहेर कसा पडला? पट्टाच तुटला. कंपनीला सोडत नाही मी. साहेब, एवढं लिहून द्याल?”

“देईन की. डोळ्यांनी पाहिलंय.”

दीर कागद शोधायला लागला. नऊ दिवसांत पहिल्यांदा त्याच्या अंगात जीव आला होता. कुणावर तरी चिडायला मिळालं की माणूस उभा राहतो. ती गप्प बसली असती तर सगळ्यांचंच भागलं असतं. तिचं तर सगळ्यात जास्त.

ती उठली. आतून इस्त्री केलेला पांढरा शर्ट आणला आणि पोलिसाच्या मांडीवर पसरला. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी काळी पट्टी शिवलेली होती.

“असे तीन शिवले,” ती म्हणाली. “जीव माझा, गाडी माझी, मधे सरकारचं काय काम, असं म्हणायचे. रोज तोच वाद. मी म्हणायची, सरकारचं सोडा, पोरीसाठी तरी लावा. ऐकेनात. शेवटी मीच कंटाळून म्हटलं, आणा तो शर्ट इकडे. आरशासमोर किती हसलो आम्ही दोघं.”

दिराच्या हातातला कागद तसाच राहिला.

“आणि मी त्यांना जा म्हणालो,” पोलीस पुटपुटला. त्याच्याही नकळत त्याचं नख पट्टीच्या कडेला गेलं. त्याने ती जरा ओढून पाहिली, मग जोर लावून ओढली.

“निघायची नाही,” ती म्हणाली. “अंगावरचा शर्ट दवाखान्यातून परत आलाय. नुसत्या चिंध्या झाल्यात त्याच्या. पट्टी जागची हललेली नाही. दुहेरी टीप मारली होती मी.”