फिर्यादीचं रक्त

शाळेच्या फाटकावरच्या यंत्राने नेहमीसारखी बोटाला सुई टोचली, पण आज खैरमोडेबाईंसाठी फाटक उघडलं नाही. पडद्यावर त्यांच्या भावाचं नाव आलं. सुधाकर खैरमोडे, लैंगिक गुन्ह्यातला नोंदणीकृत गुन्हेगार, शाळेच्या आवारात मज्जाव.

चौकीत हवालदार तांडेल म्हणाले, "बाई, तुम्हाला भावाचा बोनमॅरो बसवलाय. आता तुमच्या अंगात त्याचंच रक्त तयार होतं. नियम रक्त बघतो, तोंड नाही. दर तीन महिन्यांनी येऊन हजेरीचा अंगठा द्यायचा आणि शाळा विसरायची."

"नाही दिला तर?"

"अटक करावी लागेल."

"करा. पण आधी त्याची नोंद उघडा. गुन्हा कुठल्या शाळेतला आहे?"

"तुमच्याच."

"आणि त्या मुलीला घेऊन इथे कोण आलं होतं?"

तांडेलांनी नोंद खाली सरकवली. फिर्यादीच्या रकान्यात बाईंचं नाव होतं.

बाई खुर्ची ओढून बसल्या. "रक्ताचं नातं आहे, गप्प बस, असं तेव्हा घरचे सांगत होते. मी गप्प बसले नाही. लिहून घ्या, आजही बसणार नाही."