खांबामागची म्हातारी

माझ्या मैत्रिणीच्या, पायलच्या, बेडसे लेण्याच्या फोटोला ऑनलाइन स्पर्धेत धपाधप मतं पडत होती. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या उन्हाचा फोटो टाकला होता. त्याला एकही मत नव्हतं.

"खांबामागून बघणारी ती म्हातारी! काय नजर आहे!" जो तो पायलला हेच लिहीत होता.

मी फोटो मोठा करून करून पाहिला. खांबामागे कुणीच नव्हतं.

पायलला फोन केला. "मलाबी न्हाई दिसत गं," ती दबकत म्हणाली. "तितं कुणी नव्हतंच."

आणि तरी पहिला नंबर हिचाच! माझा जळफळाट झाला. "मग ती म्हातारी माझ्या फोटोत का नाही आली?"

संध्याकाळी चहाला आधण ठेवून मोबाइल उघडला. पायलच्या फोटोखाली सगळे विचारत होते, "म्हातारी कुठे गेली?"

माझ्या फोटोला पहिलं मत पडलं होतं. खाली लिहिलं होतं, "ओट्याखालून बघणारी ती म्हातारी! काय नजर आहे!"