दोन पिंपं

"हे गोडं, हे खारं." नवऱ्याने दोन्ही पिंपांवर थाप मारली. "लेबलं डकवलीत. तू लेबल वाचल्याशिवाय कशाला हात लावत नाहीस, ठाऊक आहे मला."

खरंच होतं ते. वीस वर्षं तिने औषधांच्या दुकानात काढली होती. बाटली हुंगून किंवा चाखून औषध ओळखणाऱ्यांची तिला चीड यायची. लेबल असतं कशासाठी?

पिंपं एकसारखी निळी, खाली तोटी असलेली, मागच्या गॅलरीत ठेवलेली. त्या गॅलरीत ती सहसा पाऊल टाकत नसे. तिथे सगळा पसारा नवऱ्याच्या माशांच्या टाकीचा; पाऊल टाकावं असं त्या टाकीने तिच्यासाठी काही ठेवलंच नव्हतं.

"टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं," तो सांगत होता. "उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्याचीच. लाल रेघेपर्यंत."

"आणि खारं घातलं तर?"

तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

"त्यात मीठ दुप्पट आहे. पाणी बदलायचं असलं की मी ते पातळ करून वापरतो. रोज तेच पडत राहिलं तर दोन आठवड्यांत सगळं पांढरं पडेल. पण तू कशाला चुकशील?"

"मी कशाला चुकेन," ती म्हणाली.

रस्त्याच्या मोजणीवर तो वीस दिवसांसाठी निघून गेला. दार लागलं, आणि ती टाकीसमोर जाऊन उभी राहिली. भिंतभर काच, निळा उजेड, जांभळे-हिरवे प्रवाळ, आणि त्यांच्यातून मिरवणारी ती नारिंगी मासोळी. तिला तो राणीसाहेब म्हणायचा. बायकोला गेल्या तीन वर्षांत त्याने नुसतं 'अगं' म्हटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी भर सकाळी दवाखान्यातून भावाचा फोन आला होता, आईचं काही खरं नाही, लगेच ये. गाडीची किल्ली नवऱ्याच्या खिशात होती आणि हात कोपरापर्यंत या पाण्यात.

"पंप बंद पडलाय. तासाभरात सगळे मरतील. आई काय आजच जातेय?"

आई त्याच दिवशी गेली. दोन बस बदलून ही पोचली तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता. त्यावर तो पुढे चकार शब्द बोलला नाही. माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात. तिने तीन वर्षं ते पाणीच पाण्यात पाहिलं.

तिने लेबल वाचलं. 'खारं.' त्याच तोटीखाली बादली धरली आणि लाल रेघेपर्यंत भर घातली.

"घ्या, राणीसाहेब," ती म्हणाली. "आईची आठवण म्हणून."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुकानात निघण्याआधी बादली, मग चहा. इतका गोड चहा तिला कित्येक दिवसांत लागला नव्हता.

गंमत म्हणजे प्रवाळ सुकायचे सोडून फुलतच होते. हिरवे तर अगदी बहरले. "मेल्यांना मीठच मानवलं की काय!" ती चरफडायची. पण घाई तिला नव्हती. दोन आठवडे म्हणाला होता ना तो? औषध असो की विष, मुदत पुरी व्हावी लागते.

"फुललेत ना सगळे?" तो फोनवर विचारायचा.

"फुललेत."

"वाटलंच," तो म्हणायचा.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, फोन आला तेव्हा त्याचा आवाज वेगळाच होता.

"इथे सोबतच्या माणसाची आई अत्यवस्थ आहे. साहेबांनी काम थांबवलं, स्वतःची गाडी देऊन त्याला पाठवलं. अगं, मी त्या दिवशी गाडी काढायला हवी होती. चुकलो मी. फार चुकलो."

फोन ठेवून ती जमिनीवर बसली आणि तीन वर्षांचं तुंबलेलं रडली. डोळे पुसून वर पाहिलं, तर राणीसाहेब काचेला तोंड लावून तिच्याकडेच बघत होती. बिचारीला काय ठाऊक, आपण कुणाच्या पापाचे धनी झालो ते.

अजून दोन दिवस हातात होते. तिने पदर खोचला. नळी लावून टाकीतलं ते खारवलेलं पाणी उपसलं, एक-दोन नव्हे, चांगल्या आठ बादल्या. मग 'गोडं' लिहिलेलं पिंप उघडलं. तोटीच्या तोंडाशी पांढरा थर धरला होता; तिने तो फडक्याने पुसला. घरातली कुठली तोटी पांढरी होत नाही? एकेक बादली तिने जपून, बाळाला न्हाऊ घालावं तशी ओतली.

"जगा रे," ती म्हणाली. "जगा आता."

संध्याकाळी प्रवाळ मिटले. मंगळवारी ते पांढरे पडले. तिने आणखी गोडं घातलं. गुरुवारी राणीसाहेब आडवी होऊन तरंगत होती.

विसाव्या दिवशी तो आला. बॅग खांद्यावरच ठेवून टाकीसमोर उभा राहिला. तिने काही लपवलं नाही.

"मीच मारलं. बारा दिवस रोज खारं ओतलं मी, मुद्दाम, आईसाठी. मग तुमचा फोन आला. त्यानंतर गोडंच घातलं, भरभरून घातलं. पण फार उशीर झाला होता."

तो गॅलरीत गेला. ती मागोमाग गेली. 'गोडं' लिहिलेल्या लेबलाचा कोपरा त्याने नखाने सोलला. खाली दुसरं लेबल होतं, जुनं, त्याच्याच अक्षरातलं. 'खारं.'

"तुझा राग वीस दिवस तरी पुरेल," तो म्हणाला, "असं धरून चाललो होतो मी."