बोअरचा पहिला घोट

“आबा, आपण पुढच्या गटात जाऊ,” यशोधरा म्हणाली.

भिमाजींनी सुनेकडे पाहिलंच नाही. ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “माझं नाव पहिल्यात घाला.”

नगरच्या त्या हॉस्पिटलात फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच्या नव्या उपचाराची चाचणी सुरू होणार होती. डॉक्टर मोनिकांनी सगळं पुन्हा समजावलं. मूळपेशींत प्रयोगशाळेत एक जनुक बसवलं होतं. शिरेतून सोडल्या की त्या गाठ शोधत जायच्या आणि तिथेच औषध तयार करायच्या.

“हातावर नारळ घेऊन पानी शोधत्यात, तसं,” भिमाजी म्हणाले.

“त्यापेक्षा बरं सापडेल अशी आशा आहे.” मोनिका हसल्या. “पण पहिल्या तिघांचा डोस अगदी लहान. अंगाला सोसतो का, एवढंच बघायचं. गाठ कमी होईल असं धरून चालू नका. सोसला, तरच पुढच्या गटाला मोठा डोस. आणि एकदा पहिल्यात गेलात की पुढच्यात येता येणार नाही.”

“कळलं की. घाला नाव.”

असा हट्टी माणूस अख्ख्या शेवगावात सापडला नसता. नवी बोअर लागली की पहिलं पाणी भिमाजीच पिणार. त्यांच्या पोटाला काही झालं नाही, तरच हंडे घरात यायचे. घरातल्या थोरल्याचा तो मान, आणि तो त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता.

“आता इथंही तेच,” मुलगा प्रवीण चिडून म्हणाला. भिमाजींनी जन्मभराची बिडी सोडली. तिच्या धुरानं पिवळ्या पडलेल्या भिंती स्वतः चुन्यानं रंगवल्या. चाचणीसाठी दम टिकायला हवा म्हणून रोज सकाळी एसटी स्टँडपर्यंत चालायला लागले. यशोधरा सोबत निघायची, पण अर्ध्या वाटेत कठड्यावर टेकायची.

“तू बस गं. म्या आलोच जाऊन.”

डोस दिला गेला. तपासणीला दर वेळी दोघं एसटीनं यायची. पिशवी भिमाजी उचलायचे आणि जिना सोडून लिफ्टपाशी जाऊन थांबायचे. यशोधरानं उन्हात निघताना बायका बांधतात तसा डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला असायचा. आत आल्यावरही तो सुटायचा नाही.

शेवटच्या तपासणीला मोनिकांनी आवाज खाली आणला. “आबा, गाठ होती तेवढीच आहे.”

यशोधराला रडू आवरेना. भिमाजींना मात्र दुसरंच विचारायचं होतं.

“आमा तिघांत कुनाला काय तरास झाला का?”

“कुणालाच नाही.”

“मंग मोठा डोस चालू?”

“सोमवारपासून.”

भिमाजी उठले. पेशंटची खुर्ची त्यांनी हातानं झटकली आणि सुनेला दंडाला धरून तिथे बसवलं. तिनं डोळे पुसले, मग सावकाश स्कार्फ सोडला. डोक्यावर एकही केस नव्हता.

“पानी चांगलं हाय, पोरी,” भिमाजी म्हणाले. “आता तू पी.”